जंबो कोळंबीची अंडी मागेपुढे फुटली की पिल्लं का मरतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं म्हणताय की शेततळ्यातून सात-आठ अंडीवाल्या माद्या आणल्या, सगळ्या एकाच टाकीत ठेवल्या, पिल्लं सुटायला लागली ती आठवडाभर सुटतच राहिली, जशी सुटली तशी एकाच लार्व्हा टाकीत, म्हणजे पिल्लं वाढवायच्या टाकीत, टाकत गेलात, पहिले चार दिवस मस्त आणि दहाव्या दिवसापर्यंत निम्म्याच्या वर गायब. जानेवारीतली बॅच तर त्याहून वाईट. आणि विचारताय की अंडी कधी फुटतात याचा पिल्लांच्या जगण्याशी काही संबंध असतो का, ती रात्रीच का फुटतात, आणि हीटर लावून सगळ्या माद्यांची अंडी एकाच दिवशी फोडता येतील का.

संबंध असतो, चांगलाच असतो. फक्त तुम्ही "वेळ" म्हणताय त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात. एक म्हणजे दिवसातली वेळ, रात्र की सकाळ. दुसरी म्हणजे अंडं पूर्ण तयार होऊन फुटलं की घाईघाईत फुटलं. आणि तिसरी म्हणजे एका मादीची पिल्लं आणि दुसरीची पिल्लं यांच्यात किती दिवसांचं अंतर पडलं. तुमच्या वर्णनावरून मला तरी तिसरीचाच संशय जास्त आहे, आणि तिला जोडून आर्टेमियाचा, म्हणजे पिल्लांना खायला घालतात त्या खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवाचा. पण आधीच सांगतो, तुमचं पाणी मी बघितलेलं नाही, खारटपणा किती ठेवता, टाकीत लिटरला किती पिल्लं आहेत, रात्री लाईट गेली की एअर पंप किती वेळ बंद असतो, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, आणि यातली एकेक गोष्ट एकटी सुद्धा टाकी रिकामी करू शकते. त्यामुळे खालचं सगळं "बाकी ठीक असेल तर" असं धरून वाचा.

रात्रीचं आधी उरकतो, कारण त्यात तुम्हाला करण्यासारखं फार नाही. कोळंबी काय, खेकडे काय, बहुतेकांची पिल्लं अंधारात सुटतात. नुकतं सुटलेलं पिल्लू दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, नीट पोहता येत नाही, आणि मासे डोळ्यांनी बघून खातात, म्हणजे उजेडात सुटलं तर संपलंच. आपल्या खाजणात ते एक नांगा मोठा असलेले छोटे फिडलर खेकडे असतात ना, त्या जातीच्या खेकड्यांवर बाहेर भरपूर काम झालंय. त्यांच्या बऱ्याच जातींच्या माद्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास, रात्री, भरती शिगेला पोचून ओहोटी लागते त्या वेळेला पिल्लं सोडतात, म्हणजे अंधार पण मिळतो आणि ओहोटीचा ओढ पिल्लांना किनाऱ्यावरच्या माशांपासून लांब खोल पाण्यात पण नेतो. भांगाच्या दिवसात, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, सोडली तर तेवढा ओढच नसतो. आणि यात मादीचा मोठा हात असतो. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीच्या रिचर्ड फॉरवर्ड यांच्या गटाने दाखवलं की काही खेकड्यांत पहिली थोडी अंडी फुटली की त्यातून एक रसायन पाण्यात सुटतं, त्याचा वास लागला की मादी पोट जोरजोरात हलवायला लागते आणि मग बाकीची अंडी धडाधड फुटतात. म्हणूनच लाखो पिल्लं थोड्या वेळात एकदम बाहेर पडतात.

आपली जंबो म्हणजे स्कॅम्पी एवढी वक्तशीर नाही. एका मादीची अंडी एका रात्रीत, फार तर दोन रात्रींत फुटतात, आणि ती पोटाखालचे पाय जोरात हलवून पिल्लं पाण्यात उडवून देते. दोन रात्री म्हणजे चिंतेचं काही नाही, तिसऱ्या रात्रीही त्याच मादीची चालूच असेल तर मात्र मादी अशक्त आहे किंवा पाणी बरोबर नाही असं समजा. तुमचं काम एवढंच की मादी काळोखात शांत ठेवायची, रात्री सारखी टॉर्च मारून बघायचं नाही, सकाळी टाकी झाकून एका कोपऱ्यात दिवा लावायचा, नवीन पिल्लं उजेडाकडे धावतात, तिथून सायफनने काढून घ्यायची. जी उजेडाकडे येत नाहीत, तळाशीच पडून राहतात, त्यांचा मोह सोडा. ती मोजणीत आकडा वाढवतात, तेवढंच.

आता दिवसाबद्दल. निसर्गात या कोळंबीची अडचण अशी की राहते गोड्या पाण्यात पण पिल्लांना मचूळ पाणीच लागतं. हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात पेनांगला शाओ-वेन लिंग यांनी शोधून काढलं, तोपर्यंत प्रयोगशाळेत पिल्लं सुटायची आणि मरायची, कोणाला कारण कळत नव्हतं. गोड्या पाण्यात सुटलेलं पिल्लू चार-पाच दिवसांत मचूळ पाण्यात पोचलं नाही तर मरतं. त्यामुळे मादी स्वतःच अंडी घेऊन खाडीच्या दिशेने खाली उतरते, बाकीचं काम पाण्याचा प्रवाह करतो. म्हणजे अंडं कधी फुटलं याला एकट्याला काही अर्थ नाही, तेव्हा मादी नदीत कुठे होती हे पण त्याला जोडूनच येतं. बंधारे आडवे आले की हे गणित बिघडतं. केरळात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमचा बंधारा झाल्यापासून तिथल्या जंबोच्या ये-जा करण्यावर परिणाम झाला ही तिकडची जुनी तक्रार आहे. आपल्याकडच्या नद्यांवर पण जिथे तिथे बंधारे आहेतच, त्यावर वेगळं लिहायला लागेल.

हॅचरीत हा प्रवास तुम्हाला टाकीत करून द्यायचा असतो. अंडीवाली मादी ५ पीपीटीच्या (हजार भागांत किती भाग मीठ त्याचं माप) आसपास हलक्या मचूळ पाण्यात ठेवली तर अंडी चांगली फुटतात, आणि पिल्लं काढली की १२ पीपीटीच्या लार्व्हा टाकीत. समुद्राचं पाणी ३५ पीपीटी धरलं तर साधारण एक भाग समुद्राचं आणि दोन भाग गोडं, पण डोळे झाकून हे माप वापरू नका, रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राने, बघा. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, म्हणून जूनच्या आधी खारं पाणी भरून ठेवायचं, ज्यांनी ठेवलं नाही ते जुलैत मिठाची पोती शोधत फिरतात.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येऊ. तुमच्या टाकीत आठवडाभर पिल्लं येत राहिली. पहिल्या दिवशीचं पिल्लू आठवड्यात पाचव्या-सहाव्या अवस्थेला पोचतं, आणि त्याच टाकीत तुम्ही आज सुटलेलं, पहिल्या अवस्थेचं पिल्लू सोडताय. एकाच वर्गात बालवाडी आणि दहावी बसवल्यासारखं आहे, फरक एवढाच की इथे दहावीची मुलं बालवाडीला खातात. या कोळंबीच्या एकूण ११ लार्व्हा अवस्था आहेत, प्रत्येक वेळी कात टाकायची, आणि कात टाकली की थोडा वेळ अंग मऊ, त्या वेळात मोठं पिल्लू भेटलं की संपलं. मरून तळाशी पडलेली दिसत नाहीत म्हणून लोकांना वाटतं "गायब" झाली. तुम्ही पण हाच शब्द वापरलाय. रोगाने किंवा पाण्याने मेली असती तर तळाशी पांढरा थर दिसला असता, सायफनच्या पाण्यात मेलेली आली असती. नुसतीच कमी होत जाणं हे बहुतेक वेळा खाल्लं जाण्याचं लक्षण, निदान माझा तरी पहिला संशय तिकडेच जातो.

आणि खाल्लं जाणं हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा असा की वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना एकच खाणं बरोबर बसत नाही. मोठ्यांना कस्टर्डचे, म्हणजे अंडं घालून शिजवलेल्या खाद्याचे, जाड कण लागतात, लहानांना ते तोंडात धरता येत नाहीत, उरलेलं तळाशी कुजतं, अमोनिया वाढतो, त्याचा त्रास परत लहानांनाच आधी. आणि शेवटी पोस्ट लार्व्हा (पीएल, म्हणजे लार्व्हा अवस्था संपून झालेली छोटी कोळंबी) व्हायची वेळ आली की अजून गोंधळ. चांगल्या टाकीत १६ व्या दिवसाच्या पुढे पहिले पीएल दिसायला लागतात आणि महिन्याभरात किंवा थोडं पुढे बहुतेक सगळी होतात. पीएल भिंतीला आणि जाळीला चिकटून बसतं, साडेसात मिलिमीटरच्या वर असतं, आणि अजून उलटं पोहणाऱ्या लार्व्हांवर ताव मारतं. सुरुवातीलाच आठ दिवसांचं अंतर असेल तर शेवटी ते अजून पसरतं, कमी होत नाही.

म्हणून नियम असा ठेवा की एका लार्व्हा टाकीत दोन-तीन दिवसांत सुटलेलीच पिल्लं, अगदी ताणलं तर चार दिवस. त्याच्या पुढे आलेल्यांना दुसरी टाकी, नसेल तर सरळ सोडून द्या. हे ऐकायला जिवावर येतं मला माहितीये, पण उशिरा आलेली दहा हजार पिल्लं टाकीत घालून तुम्ही आधीच्या पिल्लांना फक्त महागडं खाद्य घालता.

हे जमवायचं कसं तर मादी निवडतानाच. अंड्यांचा रंग बघा. घातल्या घातल्या अंडी भडक केशरी असतात, साधारण बाराव्या दिवसापासून रंग मळकट व्हायला लागतो, राखाडी-तपकिरी होतो, आणि फुटायला दोन-तीन दिवस राहिले की पाटीसारखी काळपट राखाडी दिसतात. २८ अंशाला सगळा काळ मिळून वीस दिवसांच्या आसपास, थोडं इकडे तिकडे. तर तळ्यातून माद्या काढताना केशरीवाली आणि राखाडीवाली एकाच टबात टाकायची नाही. राखाडी वेगळ्या, अधल्यामधल्या वेगळ्या, केशरी परत तळ्यात सोडा किंवा वेगळी टाकी द्या. हातात भिंग असेल तर अंड्यात पिल्लाचे डोळे दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, ते बघून अजून नक्की कळतं. १० ते १२ सेंटिमीटरची मादी साधारण १० ते ३० हजार अंडी बाळगते, म्हणजे छोट्या टाकीसाठी एकाच रंगाच्या तीन-चार माद्या सुद्धा पुरतात, आठ मिसळायची गरजच नाही. आणि पिल्लं सुटून झाली की मादी लगेच काढा, भुकेली असते.

आता आर्टेमिया. हा विषय थोडा लांबवतो कारण लोक कोळंबीच्या अंड्याकडे डोळे लावून बसतात आणि आर्टेमियाच्या अंड्याचं घड्याळ विसरतात. जंबोचं पिल्लू पहिल्या दिवशी खात नाही, पोटातल्या बलकावर जगतं. पहिली कात टाकली, डोळे दांड्यावर आले, की मग खायला लागतं. तेव्हा समोर खाणं पाहिजे, आणि भरपूर पाहिजे, कारण ही पिल्लं खाण्याच्या मागे धावत नाहीत, ज्याला आपटली ते धरतात. सुरुवातीला मिलिलिटरला तीन ते पाच आर्टेमिया असतील असं बघा. इकडे आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात, २८ अंशाला, उजेडात, साधारण २४ तासांत फुटतात. म्हणजे कोळंबीची अंडी राखाडी झाली की आर्टेमियाची तयारी, आणि पहिली पिल्लं सुटलेली दिसली त्याच सकाळी आर्टेमिया भिजत घालायचं, दुसऱ्या दिवशी पिल्लाला भूक लागते त्याच वेळेला ताजं आर्टेमिया हातात. उलटं केलं आणि दोन दिवस आधीच फोडून ठेवलं तर काय होतं? आर्टेमियाचं ताजं पिल्लू बलकाने भरलेलं असतं, नारिंगी दिसतं, पण काही तासांत ते पण कात टाकतं, बलक संपतो, आकार वाढतो, जोरात पोहायला लागतं. तुमचं पहिल्या आठवड्यातलं पिल्लू त्याला धरू शकत नाही, आणि धरलं तरी पोटात कमी जातं. बाटलीत आर्टेमिया खूप दिसतंय आणि पिल्लं उपाशी, असं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

एखादा दिवस उपाशी राहिलं तर काय बिघडतं, असं कोणीतरी विचारणारच. बिघडतं. १९८१ साली जर्मनीत हेल्गोलँडला क्लाउस आंगर आणि डाविर्स यांनी एका स्पायडर खेकड्याच्या पिल्लांवर काम करून दाखवलं की सुरुवातीला ठरावीक काळापेक्षा जास्त उपाशी ठेवलेलं पिल्लू नंतर कितीही खायला घातलं तरी पुढची कात टाकू शकत नाही. जिवंत असतं, पोहतं, खातं पण, आणि तरी मरतं. आणि उलट बाजूने, सुरुवातीलाच काही काळ पोटभर मिळालं तर नंतर उपाशी राहून सुद्धा तेवढी कात टाकून जातं. हा खेकडा थंड पाण्यातला आहे, त्याचे तास आपल्या कोळंबीला लावू नका, पण तत्त्व पुढे बऱ्याच जातींत तसंच सापडलंय. तुमच्या बॅचमध्ये चार दिवस सगळं मस्त दिसून मग गळती लागली, त्यात याचा पण वाटा असू शकतो. चौथ्या-पाचव्या दिवशी जे मरतं त्याचं कारण बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी घडून गेलेलं असतं.

हीच गोष्ट समुद्रात केवढ्या मोठ्या मापावर चालते ते सांगायचा मोह आवरत नाही. उत्तर अटलांटिकमध्ये बर्फाळ पाण्यातली एक कोळंबी आहे, पँडालस बोरिआलिस, तिची अंडी कित्येक महिने मादीच्या पोटाखाली असतात. २००९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की कॅनडापासून नॉर्वेच्या बाजूपर्यंत, जिथल्या समुद्रात वसंतातला सूक्ष्म वनस्पतींचा बहर ज्या सुमाराला येतो, तिथली अंडी सरासरीने त्याच सुमाराला फुटतात. गंमत अशी की बहर वर उजेडात येतो आणि मादी खाली अंधारात तळाशी असते, तिला वर काय चाललंय ते दिसत नाही. तिच्याकडे फक्त तळाच्या पाण्याचं तापमान, त्यावर अंडी किती दिवस घेणार ते ठरतं, आणि पिढ्यान्पिढ्या ते त्या त्या ठिकाणी जुळत आलंय. तळाचं पाणी गरम झालं की अंडी लवकर फुटणार, बहर मात्र त्याच्या वेळेने येणार, आणि पिल्लांना खायला काही नाही. शास्त्रज्ञांना हवामानबदलाची जी काळजी आहे ती नेमकी ही.

यातूनच तुमच्या हीटरच्या प्रश्नावर येतो. तापमान वाढवलं की अंडी लवकर फुटतात हे खरं, पण एकाच दिवशी फुटतात हे खरं नाही. सगळ्या माद्या एकाच पाण्यात आहेत तर सगळ्यांचीच गाडी जोरात पळणार, अंतर थोडं आखडेल, जाणार नाही. आणि जोरात वाढवलेल्या अंड्याचं पिल्लू सहसा लहान निघतं, बलकाची शिदोरी कमी घेऊन निघतं. २८ ते ३० पर्यंत ठेवा, त्याच्या वर कशाला. ३३ च्या पुढे तर माद्यांनाच धोका. घाई करायला म्हणून मादीला धक्के देणं, पाणी एकदम बदलणं, अंडी खरवडून काढून वेगळी फोडणं, हे कोणी व्हिडिओत दाखवत असेल तर दाखवू दे. घाबरलेली मादी अंडी टाकून देते, आणि जी अर्धवट फुटतात त्यांची पिल्लं अंग उलगडत नाहीत. खेकड्याच्या हॅचरीवाल्यांना हे चांगलं माहितीये, तिथे अंड्यातून निघालेलं पिल्लू आधीच्याच गुंडाळलेल्या अवस्थेत अडकून राहतं, झोइया, म्हणजे पोहणारं पिल्लू, होतच नाही, आणि काही तासांत संपतं.

हीटर लावायचाच तर जानेवारीत लावा, पण वेळ पुढे ओढायला नाही, पाणी स्थिर ठेवायला. थंडीत रात्री पाणी २३-२४ पर्यंत उतरतं, दुपारी परत चढतं, त्यामुळे अंड्यांचा काळ लांबतो, प्रत्येक मादीचा वेगळा लांबतो, म्हणजे तुमचं अंतर अजून वाढतं. लार्व्हा टाकीत तर थंडी सरळच मारते, २८ ते ३१ मध्ये जे पिल्लू महिन्यात पीएल होतं ते २४-२५ ला रेंगाळतं, आणि रेंगाळणं म्हणजे प्रत्येक अवस्थेत खाल्लं जायला जास्त दिवस. जानेवारीची बॅच वाईट गेली त्याचं मला तरी यात नवल वाटत नाही. थर्मोस्टॅटवाला हीटर, टाकीवर ताडपत्री, आणि मादीची टाकी व लार्व्हा टाकी एकाच तापमानाला, एवढं केलं तरी फरक दिसेल. ते परवडत नसेल तर डिसेंबर-जानेवारीत बॅच घेऊच नका, त्या वेळात टाक्या धुऊन वाळवा.

ज्यांची खालच्या कमेंटमध्ये चिखली खेकड्याबद्दल विचारणा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथे अंडी १०-१२ दिवसांत फुटतात, बहुतेक पहाटे-सकाळी, पाणी ३० पीपीटीच्या आसपास खारं लागतं, आणि झोइयाला त्याच दिवशी खायला पाहिजे, तेही आर्टेमियापेक्षा लहान, म्हणजे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव. म्हणून रोटिफरची टाकी मादीच्या आधी कितीतरी दिवस तयार असावी लागते. एका मादीतूनच लाखो पिल्लं निघतात त्यामुळे माद्या मिसळायचा प्रश्न येत नाही, पण चांगल्या हॅचरीत सुद्धा शंभरातली फार थोडी छोट्या खेकड्यापर्यंत पोचतात. पहिलाच धंदा म्हणून त्यात उडी मारू नका.

शेवटी एक गोष्ट, सगळं वेळेवर ढकलू नका. पीएलची शेपटी आणि पोट दुधासारखं पांढरं पडून थोड्याच दिवसांत टाकी साफ झाली तर तो पांढऱ्या शेपटीचा विषाणू असू शकतो, तो मादीकडून पिल्लात येतो, त्याला ना अंड्यांचा रंग बघून उपाय ना आर्टेमियाचा. अशा वेळी माद्यांचा सोर्स बदला आणि नमुना तपासायचं रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारा.

पुढच्या बॅचला एवढं लिहून ठेवा आणि इथे टाका: माद्या आणल्या त्या दिवशी प्रत्येकीच्या अंड्यांचा रंग, कोणत्या रात्री कोणाची फुटली, मादीच्या टाकीचं आणि लार्व्हा टाकीचं सकाळ-संध्याकाळचं तापमान, पीपीटी, आर्टेमिया किती वाजता भिजवलं आणि किती वाजता घातलं, आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी पेलाभर पाण्यात किती पिल्लं मोजली. जमलं तर सातव्या दिवशी दहा-बारा पिल्लं भिंगाखाली घेऊन फोटो काढा, सगळी एकाच अवस्थेतली दिसतायत की दोन-तीन प्रकारची. दोन-तीन प्रकारची असतील तर माझा संशय बरोबर. सगळी सारखी दिसली आणि तरी कमी होतायत, तर पाण्याकडे बघू, अमोनिया किटचे आकडे तेव्हा तयार ठेवा.